टोकियोशेठ

मुळशी तालुक्यात ज्याच्या नावावर सातबारा आहे तो शेठ, आणि ज्याच्या नावावर नाही पण ज्याची गाडी धुवायला दुसरा माणूस येतो तोही शेठ. त्यामुळे घोटावड्यात ही पदवी मिळवायला विशेष काही करावं लागत नाही. तिच्या आधी ‘टोकियो’ लागायला मात्र दिवाळी संपल्यापासून शिवरात्रीपर्यंत पहाटे साडेचारला अर्ध्या चड्डीत रस्त्यावर यावं लागतं. आमच्या सोसायटीतल्या या गृहस्थांचं बारशातलं नाव आता फक्त बँक वापरते.

असे टोकियोशेठ हल्ली कोथरूडला आहेत, नाशिकला आहेत, सांगलीतही सापडतील. कुठे त्यांचं नाव बर्लिन असतं, कुठे शिकागो. वय पन्नाशीच्या आगेमागे, मुलं कॉलेजात, घराचा हप्ता संपत आलेला आणि रक्तातली साखर कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकदा काठावर सापडलेली. शाळेत पीटीच्या तासाला हीच मंडळी पोट दुखतं म्हणून वर्गात बसून इतरांचे डबे सांभाळायची. डॉक्टर म्हणतात, रोज थोडं चालत जा. एवढ्यावर शहाणा माणूस थांबतो. हे थांबत नाहीत.

आमच्या शेठचं चालण्याचं पळणं झालं ते हिंजवडीतल्या कचेरीच्या आवारात. मग डिसेंबरातली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. ही 1983 पासून आहे, पण त्या रविवारी आपला रस्ता बंद असतो यापलीकडे शेठचा तिच्याशी कधी संबंध आला नव्हता. मग साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून उतरायची अर्धी मॅरेथॉन. मग जानेवारीत मुंबईची, पेडर रोडच्या चढासकट अख्खी. मुंबई झाली की हा माणूस देशात मावत नाही. जगात मोठ्या मानलेल्या मॅरेथॉन सहा: टोकियो, बॉस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क. सहाही केल्या की वेगळं पदक मिळतं. 2025 पासून सिडनीही त्या यादीत आली, म्हणजे चार धाम करून घरी पोचावं आणि पाचवं धाम निघाल्याचं कळावं, तशातली गत.

बॉस्टनला आधी दुसरीकडे कुठेतरी ठरलेल्या वेळेत पळून दाखवावं लागतं. पन्नाशीच्या पुरुषाला साडेतीन तासांच्याही आत. तेवढ्या वेळात शेठचे अठ्ठावीस किलोमीटर होतात, तेव्हा बॉस्टनचा विषय त्यांनी मुलाच्या लग्नाबरोबर ‘पुढे बघू’मध्ये टाकला. टोकियोत लॉटरी असते. ती त्यांना लागली.

घोटावडे फाट्यावरच्या चहावाल्याला ही बातमी पहिल्यांदा कळली.

“लॉटरी? किती लागली ओ शेठ?”

“लागली म्हणजे पळायला मिळणार. पैसे आपण भरायचे.”

“लॉटरी लागली, आन् वर पैशे तुमीच भरायचे?”

“हो. शिवाय व्हिसा, विमान, हॉटेल.”

त्या दिवशी त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

टोकियोची मॅरेथॉन मार्चच्या पहिल्या रविवारी. तिथून अठरा आठवडे मागे मोजले की फराळाचे डबे अजून भरलेले असतानाच सरावाचा तक्ता सुरू होतो. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाचा कागद होता तिथे आता तो तक्ता आला. मंगळवारी वेगाचं, गुरुवारी चढाचं, शनिवारी हलकं, रविवारी लांब. सोमवार आणि शुक्रवार विश्रांतीचे, पण त्या दिवशी शेठ घरात एका रबरी लोळ्यावर पोटऱ्या घासत कण्हत असतात, त्यामुळे ती विश्रांती इतर कुणाला मिळत नाही. रात्री नऊला घरात निजानीज. वहिनी मालिका पाहतात ती आवाज बंद करून. ओठांवरून भांडण ओळखायला शिकले, असं त्या म्हणतात.

शेठ घरात माहितीही पुष्कळ पुरवतात. मॅरेथॉन नेमकी 42.195 किलोमीटर का, तर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि राजघराण्याच्या आसनासमोर संपवायची म्हणून तेवढी भरली. वहिनींनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तिकडची राणी बसल्या जागी एवढं पळवून घेते आणि मी पिरंगुटहून कोथिंबीर आणा म्हटलं तर आज विश्रांतीचा दिवस.”

पण या घरात सर्वांत जास्त राबला तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. वहिनींनी तो केकसाठी घेतला होता. त्यावर आता बूट चढले, कोरडे मोजे चढले, ओले मोजे चढले, सोललेलं केळं चढलं. वाटेत चाखायच्या गोड चिकाच्या परदेशी पुड्या चढल्या, आणि त्या परवडेनात तेव्हा गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडेही. बूट दोनशे ग्रॅमचे, तळव्यात कार्बनची पट्टी. किंमत ऐकून तालमीतल्या वस्तादांनी बूट हातात घेतला, वाकवून पाहिला आणि म्हणाले, “ह्यात बोकड आला असता. त्यो पळालाबी असता.”

आता रस्त्याविषयी. माणकडून खिंड उतरलं की घोटावडं लागतं. तिथून एक रस्ता रिह्याकडे जातो, एक खाली फाट्याला पौड रस्त्याला मिळतो. इंद्रायणी भात झोडून खाचरं मोकळी झालेली, कडेला पेंढ्याच्या गंज्या, मुळेच्या अंगाने धुकं वर सरकणारं. चित्र सुंदर आहे, फक्त ते दिसत नाही, कारण दिवे नाहीत. दिसतात ते समोरून येणारे: हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्या, खडीचे डंपर, पिरंगुटच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेल्या मोटरसायकली, आणि कासारसाईच्या साखर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्यांचे, मागचा दिवा नसलेले. कपाळावर विजेरी बांधून पळणारा माणूस पाहून एका डंपरवाल्याने बिबट्याच्या शोधाला वनखात्याचे लोक आले असं समजून गाडी थांबवली आणि काचा वर घेतल्या. कुत्र्यांच्या हद्दी तर ग्रामपंचायतींच्या हद्दींहून काटेकोर. एका वस्तीचं कुत्रं ओढ्यापर्यंत पोचवतं, ओढ्यापलीकडचं ताब्यात घेतं. टोकियोशेठच्या वेगाच्या नोंदींत जे काही उजेडाचे क्षण आहेत ते सगळे या हद्दींच्या मधले.

खरी अडचण कुत्र्यांची नव्हती, माणसांची होती. या भागात पहाटे पायी जाणारा माणूस दिसला की गाडी थांबते. न थांबणं ही माणुसकीला सोडून गोष्ट. “बसा की शेठ, फाट्यावर सोडतो.” शेठ हात हलवून नको म्हणायचे आणि पळत राहायचे. पहिल्यांदा लोकांना वाटलं, लाजतात. मग वाटलं, माज आहे. ट्रॅक्टरवाला एकदा अर्धा किलोमीटर त्यांच्या बरोबरीने ट्रॅक्टर चालवत समजावत राहिला: पैसे नकोत, मागे उसावर बसा, थंडी लागत असेल तर घोंगडी देतो. शेवटी “ऱ्हायलं!” म्हणून निघून गेला तो कायमचा दुखावला जाऊनच.

रविवारच्या लांब पल्ल्याला तर आणखी गोंधळ. वहिनी पुढे स्कूटरवर, पिशवीत पाण्याच्या बाटल्या, आणि शंभर पावलं मागून शेठ बनियनवर धापा टाकत. दर तीन किलोमीटरवर वहिनी थांबणार, शेठ पोचले की काही न बोलता बाटली देणार आणि पुन्हा स्कूटर सुरू करून निघून जाणार. बघणाऱ्याने काय समजायचं? रिह्याच्या बाजूला एका वस्तीवर दोन बायकांनी वहिनींना थांबवून घेतलं. “बाई, झालं गेलं सोडा. येवढा मागं लागलाय बिचारा, बसवा की मागं.” वहिनींनी सांगायचा प्रयत्न केला, पण ‘नवऱ्याची मॅरेथॉन आहे’ हे कुठल्याच कौटुंबिक तंट्याचं उत्तर होऊ शकत नाही.

यातून सुटका झाली ती शेठच्या तोंडून चुकून निसटलेल्या एका शब्दाने. वाटेवरच्या घरासमोर एक आजी रोज अंगण झाडत असायच्या. त्यांनी एका गुरुवारी खराटा आडवा धरून सरळ विचारलं, “का रं बाबा पळतोस येवढा? कुणी मागं लागलंय का?” शेठच्या छातीचे ठोके एकशे साठच्या पुढे होते; त्या अवस्थेत माणसाला लांब वाक्य जमत नाही. ते म्हणाले, “नवस आहे.”

आजींनी खराटा बाजूला केला आणि हात जोडले.

आठवड्याभरात सगळा रस्ता बदलला. पायी जायचा नवस म्हटल्यावर गाडीत बसवणं पाप. ट्रॅक्टरवाल्याचा राग गेला, तो आता लांबूनच बैलगाडीवाल्याला ओरडून वाट द्यायला लावी. वहिनी स्कूटरवरून पुढे जातात ते नैवेद्याचं सामान घेऊन, असं ठरलं. कोणत्या देवाचा नवस हे कुणी विचारलं नाही, तेवढी शिस्त या भागात आहे. लांबचा आहे, समुद्रापलीकडचा आहे, एवढं कळलं ते पुरे झालं. बाधा आली ती वेगळीच. नवसकऱ्याला कोरडं कसं पाठवायचं? एका वस्तीवर चहा, दुसरीकडे गरम दूध, मार्गशीर्षातल्या गुरुवारी केळ्याची फोड आणि शिरा. नाही म्हणता येईना, कारण देवाच्या नावाने आलेलं. तीस किलोमीटरच्या रविवारी शेठ सकाळी साडेचारला निघाले आणि साडेदहाला परत आले ते तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा नऊशे ग्रॅम जास्त वजन घेऊन. त्यांच्या शिक्षकाने फोनवर विचारलं की प्रत्येक तिसऱ्या किलोमीटरला सात मिनिटं तुम्ही कुठे गायब होता? शेठनी ‘चढ आहे’ असं सांगितलं.

आजी पुढच्या गुरुवारी पुन्हा आडव्या आल्या. “तिकडं जाशील तवा आमच्या नातवाच्या भरतीचंबी सांग.”

हा नातू शेठना माहीत होता. फाट्याच्या रस्त्यावर पहाटे पाच-सहा पोरं पळतात, ती सगळी पोलीस भरतीची. एक जण शेकोटी पेटवून घड्याळ धरून बसतो, बाकीचे सोळाशे मीटर मारतात. पोरांचं सगळं आयुष्य सेकंदांत. सोळाशे पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारलं तर वीसपैकी वीस. त्यापुढे दर काही सेकंदांना गुण गळत जातात. मग शंभर मीटर, मग गोळा, मग लेखी. त्यांनी पहिल्याच भेटीत शेठना विचारलं होतं, “काका, सोळाशे किती मारता?”

“नऊ मिनिटं. जोर लावला तर.”

पोरं गप्प झाली. एक जण हळूच म्हणाला, “मग तुमी बाद.”

“आमच्यात बाद नसतं. सात तासांत पोचलं की सगळ्यांना पदक.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. अडतीस हजार माणसं पळतात.”

“मग हारतं कोन?”

या प्रश्नावर टोकियोशेठनी स्वतःशी स्पर्धा वगैरे बरंच सांगितलं. पोरांनी ते सभ्यपणे ऐकलं. ज्याच्या घरी नोकरी नाही आणि अर्ज केलेल्यांचा आकडा माहीत आहे, त्याच्यापुढे स्वतःशी स्पर्धा हा विषय फार वेळ टिकत नाही, हे माझं मत. शेठचं तसं नाही.

मग त्यांनी इतिहास काढला. तो त्यांचा आवडता. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत खेड्यांतली अनवाणी पळणारी माणसं पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला इथले खेळाडू बोटीने गेले. बेळगावचे पी. डी. चौगुले तिथे मॅरेथॉन पळाले, दोन तास पन्नास मिनिटांत, एकोणिसावे आले. तो रस्ता तर आजच्या अंतराहून थोडा लांबच होता. “म्हणजे बघा,” शेठ म्हणतात, “चौगुले माझ्यापुढे फक्त दोन-सव्वादोन तास.”

“त्यांना नोकरी लागली का?” एका पोराने विचारलं.

शेकोटीशी वस्ताद बसले होते. त्यांना यात दुसरंच काही खुपलं. “टाटाचं नाव हितं काढू नका शेठ. तुमचा चौगुले बेल्जमला पळाला त्याच्या दुसऱ्याच साली हितं टाटाच्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट होते. आमच्या आज्याचं गाव वरच्या अंगाला. तेबी पळालं. समदं गावच पळालं, पानी आलं म्हनून. कुनी पदक दिलं न्हाई.”

1921 चा मुळशी सत्याग्रह पुस्तकांत वाचलेला माणूस आणि पाण्याखालच्या गावातल्या माणसाचा नातू यांच्यात शेकोटीचं अंतर होतं. शेठनी पुढचा रविवार दोराबजींशिवाय काढला.

वस्तादांचा शेठवर राग नव्हता, उलट कीव होती. कुस्तीवाल्याच्या दृष्टीने पळणारा माणूस म्हणजे सुरुवात करून अर्ध्यावर सोडून दिलेलं काम. त्यात शेठ सुकलेले. जोर नाही, बैठका नाहीत, थंडाई नाही, तूप चमच्याने. जानेवारीत खिंड चढताना शेठची पोटरी धरली, तेव्हा पुण्यातल्या तीन वेळच्या उपचारांनी जे झालं नाही ते वस्तादांनी तिळाच्या तेलाने आणि एका अंगठ्याने केलं. ओरडणं सोसायटीपर्यंत ऐकू आलं. त्यानंतर शेठ रोज तूप खाऊ लागले, अर्थात काट्यावर टाकून.

एका गोष्टीचं श्रेय मात्र शेठना दिलं पाहिजे. आजींचा नातू सोळाशेत पाच वीसला अडकला होता. शेठनी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हाताला बांधलं आणि त्याची धाव चारशे-चारशेच्या तुकड्यांत मोजली. पोरगं पहिले चारशे चित्त्यासारखं मारून शेवटच्या चारशेत बसायचं. ‘पहिल्यांदा दम राख’ हे सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. किती राखायचा हे घड्याळाने सांगितलं. स्वतःच्या सरावात शेठना हा नियम एकदाही पाळता आलेला नाही, पण दुसऱ्याला शिकवताना ते फार नेमके असतात. मास्तरकीला तेवढं पुरतं.

फेब्रुवारीत अंतर कमी झालं आणि खाणं वाढलं. शरीरातला साखरेचा साठा तीस-बत्तीस किलोमीटरला संपतो, तो आधी भरून ठेवायचा. जानेवारीभर ज्या घरी ‘भात चालत नाही’ म्हणून पानावरून उठले, त्याच घरच्या लग्नात शेवटच्या आठवड्यात त्यांनी पंगतीत इतका भात घेतला की वाढप्याने दुसऱ्याला हाक मारली. यजमान जुनी अढी विसरले.

निघायच्या आदल्या दिवशी आजी सोसायटीच्या गेटावर आल्या. फडक्यात सव्वा रुपया. चार आणे 2011 साली चलनातून गेले, पण आजींच्या कनवटीतून गेले नव्हते. “देवाला घाल.” शेठनी दोन्ही नाणी काट्यावर ठेवली. आठ ग्रॅमांच्या आत. चिक्कीचा एक तुकडा कमी करून ती कमरेच्या पट्ट्यात गेली.

टोकियोचं फार सांगण्यासारखं नाही, कारण शेठ तेच सांगतात आणि ते सांगायला शर्यतीपेक्षा जास्त वेळ घेतात. शिंजुकूच्या सरकारी मनोऱ्यांपासून सुटले, कुणी बसायला गाडी थांबवली नाही, कुणी शिरा दिला नाही, एकही कुत्रं अंगावर आलं नाही, आणि म्हणूनच तेहेतिसाव्या किलोमीटरला पाय गेले, असं त्यांचं विश्लेषण आहे. पाच तास आणि वर काही मिनिटांत पोचले. दुसऱ्या दिवशी आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात, पायऱ्या आडव्या अंगाने चढत, दानाच्या पेटीत सव्वा रुपया टाकला. कशासाठी, तर भरतीसाठी. सोळाशे मीटर.

परत आले तेव्हा पदक गावभर फिरलं. वस्तादांनी ते तळहातावर झेललं आणि चांदी नाही एवढं ओळखून परत दिलं. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्या मोहोळांच्या घरातून दिली जाते ते याच तालुक्यातले; धातूच्या बाबतीत इथली माणसं सहज फसत नाहीत.

नातवाचं ग्राउंड एप्रिलात निघालं. सोळाशे पाच आठला. वस्तादांच्या मते तूप, पोराच्या मते घड्याळ. आजींनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. त्या नारळ घेऊन थेट टोकियोशेठच्या दारात आल्या.

“पावला तुझा देव. आता धाकट्याची भरती हाय. पुढं कुठं जायचंय?”

“बर्लिन,” शेठ म्हणाले. “सप्टेंबरात.”

“म्हंजी पळायचं कवा?”

“जूनपासून.”

वहिनी आतून बाहेर आल्या. मुळशीतला जून, जुलै आणि ऑगस्ट म्हणजे काय हे त्या दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. आजी मात्र घरी गेल्या आणि तासाभराने नातवाकडून माळ्यावरचं जुनं इरलं पाठवून दिलं, लावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचं, पानांनी शाकारलेलं, कामट्या अजून शाबूत.

टोकियोशेठनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं, आणि काटा आणायला आत गेले.